माझ्या सुने, घरी ये

१

इदालियाची सकाळ गिरणीच्या रांगेत उजाडायची. चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका बादलीत, बादली कमरेवर, आणि धुकं इतकं दाट की पुढच्या बाईची वेणी दिसायची, बाई दिसायची नाही. लग्न होऊन ह्या डोंगरावर आल्याला कॉफीचा एक हंगामही झाला नव्हता. नवरा, एलादिओ, लग्नातले हार सुकायच्या आत समुद्रकाठच्या शहरात हॉटेलं बांधायला निघून गेला होता. घरात उरल्या दोघी, ती आणि सासू क्रेसेन्सिया.

दोघींचं जमत नव्हतं असं नाही. भांडायला पुरेल इतकी सामाईक भाषाच नव्हती. सासूला स्पॅनिश यायचं ते बाजारापुरतं. इदालियाला डोंगरावरची भाषा, मेहिकानो, यायची ती त्याहूनही कमी. खाली बाजाराच्या गावात तिच्या आईने ती भाषा घरातून मुद्दामच हद्दपार केली होती, पोरीला शाळेत हसतील म्हणून. शाळेत मग तीच भाषा दुसऱ्या नावाने इतिहासाच्या पुस्तकात भेटली. 'अ‍ॅझ्टेक लोक मका दळत असत. त्यांची भाषा नाउआत्ल होती.' असत. होती. शेजारच्या बाकावरची मुलगी त्याच भाषेत पेन्सिल मागायची, पण परीक्षेत 'होती' लिहिलं तरच गुण मिळायचे.

आता ती तीच भाषा गिरणीच्या रांगेत शिकत होती. शिकवणारी शेजारीण, ओक्ताविया मावशी.

"'सासू' कसं म्हणायचं, मावशी?"

"कोणाची?"

"कोणाचीही. नुसती सासू."

"नुसती सासू असते का कुठे!" ओक्ताविया खदखदून हसली. रांगेतल्या बायकाही हसल्या. "असती तर माझी मी केव्हाच बदलून आणली असती. माझी सासू, तुझी सासू, तिची सासू. ते शब्दालाच चिकटलेलं असतं गं. आई, सून, नवरा, आपल्या भाषेत कुणी मोकळं फिरत नाही."

"मग माझी सून?"

"नोसिवामोन. क्रेसेन्सिया म्हणत असेल ना तुला."

तोंडावर नाही, पण लोकांशी बोलताना म्हणायची. इदालियाला तिच्या नावाने हाक मारायची त्या घराला सवय नव्हती. 'अगं' आणि 'पोरी' एवढ्यावर दिवस निघायचा. पण सासू कुंपणाशी उभी राहून कुणाशी बोलत असली आणि त्यात तो शब्द आला, की इदालियाला बरं वाटायचं. दिवसभर दोन माणसांचं बोलणं दहा वाक्यांत संपणाऱ्या त्या घरात, एका शब्दापुरती का होईना, ती कोणाची तरी होती.

स्वयंपाकघरात पाटे दोन होते. गिरणीतून आलेलं पीठ पाट्यावर पुन्हा एकदा वाटल्याशिवाय त्याची भाकरी करायची नाही, हा सासूचा दंडक. पहिल्याच आठवड्यात इदालिया कोपऱ्यातल्या पाट्याशी बसली, तेव्हा सासूने तिचा हात हलकेच बाजूला केला आणि पाट्यावर फडकं पांघरलं.

"तो नको. तो माझ्या सुनेचा आहे."

आपल्याला अजून मेहिकानो नीट समजत नाही, असं इदालियाला वाटलं.

२

"समजलं तुला बरोबरच," ओक्ताविया म्हणाली. "रुफिना. तुझी थोरली जाऊ."

ओढ्यावरच्या धुण्याच्या दगडावरून रुफिना पावसाळ्यात घसरली आणि पाण्याने तिला नेलं. शाल सापडली, रुफिना सापडली नाही. थोरला मुलगा उत्तरेला गेला तो गेलाच. एलादिओने हे लग्नाआधी सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं, असं तो म्हणाला असता, आणि ते खरंही असतं. त्याचं सगळंच राहून जायचं.

"आपल्यात गेलेल्या माणसामागे 'कात्का' लावतात," ओक्ताविया सांगत होती. "होता, होती. 'माझी आई कात्का' म्हटलं की समजायचं, वारली. क्रेसेन्सिया नवऱ्याला लावते. मेलेल्या गाढवालासुद्धा लावते. रुफिनाला नाही लावत. सापडलीच नाही, तर 'होती' कुठल्या तोंडाने म्हणू, म्हणते."

"मग ती काय म्हणते?"

"नोसिवामोन. माझी सून. एवढंच."

म्हणजे कुंपणापाशी ऐकू यायचा तो शब्द दर वेळी आपलाच नव्हता. इदालियाने बादली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. ह्यात रागावण्यासारखं काही नाही, तिने स्वतःला सांगितलं. मेलेल्या बाईशी कुठे बरोबरी करायची?

३

त्याच आठवड्यात ती घसरली. त्याच दगडावरून, ओढ्यावर धुण्याजोगा दुसरा दगडच नव्हता. पाणी कमरेपर्यंत होतं. ती लगेच उठली, वाहून निघालेला परकर पकडला आणि आजूबाजूला कुणी पाहिलं नाही ना ते बघून घरी आली. खरचटलंसुद्धा नव्हतं.

पण त्यानंतर तिला जेवण जाईना. झोप यायची ती कुणीतरी अर्ध्यावर काढून नेल्यासारखी. पाय चुलीपाशी धरले तरी गारच. सासू दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सुनेची हनुवटी वर केली आणि डोळ्यांत बघितलं, विहिरीत वाकून बघावं तसं.

"घाबरलीस तू. स्वतःला तिथेच ठेवून आलीस."

इदालियाच्या आईने असल्या बोलण्याला कपाळावर हात मारला असता. पण आई खाली होती, आणि ह्या घरात तिच्या डोळ्यांत एवढा वेळ कुणी पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिने मान हलवली.

दुपार कलताना सासूने मडकं घेतलं, इदालियाची शाल घेतली आणि दार सताड उघडं ठेवलं. "पडून राहा. मी आणते. ती घरात रुळेपर्यंत दार लावायचं नाही."

ओढा घराच्या खालीच होता. इदालिया खाटेवर पडून ऐकत राहिली. धुक्यात आवाज जवळ येतात. काठीने पाणी झोडपल्याचा आवाज आला. मग सासूची हाक आली, लांब, गोड, चढत जाणारी. सासूच्या गळ्यात असा आवाज असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"ये गं, नोसिवामोन! घरी ये! तिथे राहू नकोस, पाणी गार आहे. चल, माझ्या सुने, घरी ये!"

आपलं नाव का घेत नाही, एवढंच इदालियाच्या मनात आलं. मग वाटलं, इतक्या मायेने बोलावतेय, नाव कशाला हवं? आणि तिला रडू आलं.

सासू मागे न बघता चढ चढून आली. मडक्यातलं पाणी तिने सुनेला पाजलं. पाण्याला दगडाची चव होती. सासूचा चेहरा उजळला होता. ती मात्र इदालियाकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी इदालियाला जाग आली ती पाट्याच्या आवाजाने. वरवंट्याची जाणारी-येणारी घरघर, मधेच पाण्याचा शिपका. आपण उशिरा उठलो, सासूवर काम पडलं, म्हणून ती धडपडत गेली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. सासू बाहेर कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"आज पीठ किती बारीक वाटलंस पोरी," सासू आत येत म्हणाली. "हाताला लागतसुद्धा नाही."

"मी नाही वाटलं, आई."

सासू हसली. आपल्याला बोलता आलं नसेल. भाषा चुकली असेल. 'मी' आणि 'नाही' ह्यांची जागा चुकली की ह्या भाषेत वाक्य कुठल्या कुठे जातं. इदालियाने कोपऱ्यात बघितलं. पाट्यावरचं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. पाटा ओला होता आणि त्याच्या छिद्रांत ताजं पीठ होतं.

सासूनेच वाटलं, तिने ठरवलं. म्हातारी झाली, विसरते. नाहीतर आठवण आली म्हणून सुनेच्या पाट्यावर बसली आणि कबूल करायची लाज वाटते. दोन्ही कारणं चांगली होती. दोन कारणं शोधावी लागली, हे तेवढं चांगलं नव्हतं.

मग कॉफी. सासूने दोन वाट्या भरून चुलीपाशी ठेवल्या. इदालियाने एक उचलली. घोट तोंडातच राहिला. गूळ इतका की दात शिवशिवले. इदालिया कॉफीत गूळ घेत नाही, हे सासूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावरून ती गावभर सांगायची, माझी धाकटी सून कडू पिते, म्हणून तोंड तसं.

"अगं, ती तुझी नाही," सासू म्हणाली आणि वाटी तिच्या हातून काढून पुन्हा चुलीपाशी ठेवली. दुसरी तिने स्वतः घेतली. तिसरी वाटी कुठेच नव्हती.

त्या दिवसापासून सासू बोलू लागली. इदालिया बाहेर असली की आत बोलायची, भरभर, हसत, मधे थांबत. थांबायची ती दम खायला नाही. समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो, तेवढंच. इदालिया आत गेली की गप्प. घरात एकटं वाटणं तिला नवीन नव्हतं. पण आपण आत आल्यावर दुसऱ्या कोणाचा तरी एकांत मोडतो, असं कधी वाटलं नव्हतं.

५

"हाक कशी मारली?" इदालियाचं सगळं ऐकून घेत ओक्ताविया आपल्या चुलीपाशी तव्यावर भाकरी टाकत होती.

"म्हणजे?"

"काय म्हणून बोलावलं तुला ओढ्यावरून?"

"नोसिवामोन."

"आणि नाव?"

"नाव नाही घेतलं."

तव्यावरची भाकरी फुगली, खाली बसली, काळी पडू लागली. ओक्तावियाने तिच्याकडे पाहिलं नाही. रांगेत प्रत्येक वाक्याला हसणारी बाई अशी गप्प झालेली बघून इदालियाच्या गार पायांतून काहीतरी वर चढलं.

"त्या पाण्यात तिच्या दोन सुना होत्या गं," शेवटी ओक्ताविया म्हणाली. "आणि तिने माझी सून म्हणून हाक मारली."

"मग मी कुठे आहे?"

"इथे. माझ्यासमोर." तिने बोटांनी इदालियाचं मनगट चाचपलं, बाजारात आंबा दाबून बघावा तसं. "बरीचशी."

"काय करायचं?"

"ज्या तोंडाने हाक मारली त्याच तोंडाने सोडवायचं. दोघींना एक जागा पुरायची नाही. एकीला नाव घेऊन 'ये' म्हणायचं, आणि दुसरीला नाव घेऊन, मागे कात्का लावून, तिथेच ठेवायचं. क्रेसेन्सियाला सांग. तिला कळतं सगळं. आपल्यातलं हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही."

"मग तिची चूक कशी झाली?"

ओक्तावियाने जळकी भाकरी कुत्र्यापुढे टाकली. "झाली का?"

६

सरपण घेऊन ती अंगणात शिरली तेव्हा सासू फोनवर होती. फोनला रेंज यायची ती फक्त संत्र्याच्या झाडाखाली. घरात तो नुसता दगड.

"हो हो, देते तिला," सासू म्हणाली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. रिकाम्या हाताने बाहेर आली. ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलायला बसली. इदालियाला तिने पाहिलं, पण रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला बघावं तसं.

आतून एलादिओचा हसण्याचा आवाज आला. फोनमधून, पण मोकळा, लग्नाआधी हसायचा तसा.

इदालिया आत गेली. फोन कोपऱ्यातल्या पाट्याच्या कडेला ठेवलेला होता. त्याच्यावर पिठाची बोटं उठली होती.

"एलादिओ?"

"अगं, मधेच स्पॅनिश कुठून आलं? चांगली बोलत होतीस की."

"कोण बोलत होतं?"

"तूच! मी चाट पडलो. इथे आमच्या कामावरचे गाववाले पण ऐकत होते. कधी शिकलीस एवढं? अगदी आईसारखं बोलतेस."

"काय बोलले मी?"

"झाली का थट्टा सुरू? म्हणालीस, फार लांबून चालत आले, पाय गार पडलेत, पण घरी आले." तो हसला. "कुठे गेली होतीस?"

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "माझं नाव घे."

"काय?"

"एकदा माझं नाव घे, एलादिओ."

"नोसिवाउ," तो लाडाने म्हणाला. माझी बायको.

"तसं नाही. नाव."

"काय झालंय तुला आज? ऐक ना..." आणि आवाज तुटला. तिने फोन बघितला. रेंजची एकही रेघ नव्हती. आधीही नसणार. ह्या घरात ती कधीच नसते.

७

रात्र पडायच्या आत तिने सासूला गाठलं. ओसरीवर, शेंगांच्या टोपलीपाशी. वाक्य तिने दिवसभर मनात उलटंपालटं करून तयार ठेवलं होतं.

"आई, ओढ्यावर चला. माझं नाव घेऊन हाक मारा."

सासूचे हात थांबले. आत वरवंटा पाट्यावर टेकल्याचा बारीक आवाज झाला. दोघींनी ऐकला आणि दोघींनी तो ऐकला नाही असं दाखवलं.

"तुला आई आहे," सासू म्हणाली. "खाली गावात. भाऊ आहेत. नवरा आहे, तो परत येईल. तिला कोण आहे? नवरा गेला. आई लहानपणीच गेली. मीच."

"पण मी इथे राहते, आई. मी तुमची सून आहे."

"आहेस की."

"तिला 'कात्का' म्हणावं लागेल तुम्हाला."

म्हातारीचा चेहरा असा झाला की इदालियाला आपण तिला मारलं असं वाटलं. मग सासूने तिच्या गालाला हात लावला. हाताला शेंगांचा हिरवा वास होता.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या दुपारी नाव घेते. दोघींपैकी एकीला तसं म्हणायलाच हवं, मला कळतं ते."

इदालियाने तो हात धरला. त्या रात्री, ओढ्यावर घसरल्यापासून पहिल्यांदाच, ती पोटभर जेवली. स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, तेवढंच.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं खालून वर चढत होतं. सासू पुढे, इदालिया मागे. मडकं होतं, काठी होती. शाल कुठे दिसली नाही. सासूने घेतली असेल.

"तिथे उभी राहा," सासू म्हणाली. "पडलीस तिथे."

इदालिया दगडावरून पाण्यात उतरली. पाणी गार लागलं नाही. पायांइतकंच होतं; कुठे पाय संपतो आणि कुठे पाणी सुरू होतं, ते कळेना. वर बघितलं तर घराचं दार दिसत होतं, अजून सताड उघडं. आत चुलीचा उजेड होता. किती साधं घर आहे, तिला वाटलं. मी ह्या घरात रुळले असते.

सासूने काठीने पाणी झोडपलं.

"रुफिना," ती म्हणाली. हे नाव तिच्या तोंडात नीट बसायचं, कित्येक वर्षांची सवय होती.

इदालिया पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"रुफिना," सासू पुन्हा म्हणाली. आवाज ह्या वेळी पाण्याकडे गेला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलतो, तसा होता. "जरा थांब. आलेच."

तेव्हा इदालियाला पायवाट दिसली. धुकं तिथे पातळ झालं होतं. सासूच्या मागे, चढाच्या सुरुवातीला, तिची शाल होती. शालीखाली पाठमोरं कुणीतरी होतं, आणि शालीबाहेर एक हात लोंबत होता, मनगटापर्यंत पिठाने पांढरा. त्या हाताची बोटं हळूहळू मिटत, उघडत होती, खूप दिवसांनी ऊब लागल्यासारखी.

सासू दगडापर्यंत आली, गुडघ्यावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इदालिया लग्न होऊन आल्यापासून जे तिने एकदाही घेतलं नव्हतं, ते नाव तिने आता घेतलं. तिच्या भाषेत 'द' नाही. तिथे 'त' आला.

"इतालिया," ती म्हणाली, अगदी मायेने. थांबली. आणि मग म्हणाली, "नोसिवामोन कात्का."

नाही, आई. असं नाही म्हणत. 'होती' नाही, 'आहे'. इदालियाला दुरुस्त करायचं होतं. तिला शाळेतलं पुस्तक आठवलं, शेजारच्या बाकावरची मुलगी आठवली. पेन्सिल मागत असताना तिलाही असंच वाटलं असेल का? तिने तोंड उघडलं. पाणी वाहण्याचा आवाज आला, एवढाच.

सासू उठली आणि मागे न बघता चढू लागली. वाटेत तिने तो पांढरा हात हातात घेतला. दोघी बोलत चालल्या होत्या. पिठाबद्दल, कॉफीबद्दल, ह्या वर्षी कोंबड्या अंडी कशी कमी घालतात त्याबद्दल. धुक्यात आवाज जवळ येतात. इदालिया ऐकत होती. एकही शब्द तिला मनात उलटून बघावा लागत नव्हता. सगळी भाषा तिला आता समजत होती, अगदी आईच्या तोंडून शिकल्यासारखी.

मग वर, इतक्या दिवसांनी, दार लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आतून अडसर सरकल्याचा.